दोन दारांची खोली

ग्रंथालयाच्या तळघरात, नकाशांच्या कपाटांपलीकडे
माझी खोली. तिला दोन दारं.
एकातून यायचं, दुसऱ्यातून जायचं,
म्हणजे आधीचा आणि नंतरचा
एकमेकांचे डोळे बघत नाहीत.
पाटीवर लिहिलंय ‘ओम्बुड्स’, खाली ‘डारिया हॅव्रिलुक’.
वरचा शब्द इथे कुणाच्याच जिभेवर नीट बसत नाही.
खालचाही नाही.

आज उणे एकतीस.
रेड नदी गोठून तीन आठवडे झाले.
पार्किंगमध्ये गाड्या विजेच्या वायरींनी खांबांना बांधलेल्या,
गोठ्यातल्या जनावरांसारख्या.

टोबायस ओकिमॉ आला. कोट काढला नाही.
आधी सांगायचं ते मी सांगितलं:
मी न्यायाधीश नाही. वकीलही नाही,
तुझी नाही, त्यांची नाही.
मला सांगितलंस म्हणजे विद्यापीठाला कळवलंस, असं होत नाही.
तक्रार नोंदवायची तर ते ऑफिस वेगळं, पत्ता देते.
कुणाच्या जिवाला धोका असेल तेवढं सोडून
इथलं इथेच राहील.
‘मग तुम्ही करता काय?’
सगळे हेच विचारतात.
डीनसुद्धा, बजेटच्या वेळी.

दोन उन्हाळे त्यानं विनिपेग सरोवराच्या तळाचा गाळ काढला,
मामाच्या बोटीतून, मामाच्या डिझेलवर.
निबंध छापून आला तेव्हा त्याचं नाव आभारात.
पाचव्या ओळीत. स्पेलिंग चुकलेलं.
सांगताना तो टिश्यूच्या खोक्याकडे
मुद्दाम बघत नव्हता,
म्हणून मी ते हळूच टेबलाखाली ठेवलं.

‘तुला काय व्हायला हवंय?’
बराच वेळ फक्त हीटर ठोके देत राहिला.
‘मामाला दाखवता येईल,’ तो म्हणाला, ‘असं काहीतरी.’

मग कागदावर रस्ते काढले.
नियम कुठल्या पानावर, पत्राची पहिली ओळ कशी,
आधी कुणाला भेटायचं, कुणाला मुळीच नाही.
काहीच न करणं हाही रस्ताच,
त्याखालीही मी रेघ मारली.
कागद खिशात घालून तो दुसऱ्या दारानं गेला.

गुरुवारी पहिल्या दारातून
प्रोफेसर पेटकाउ आले
आणि त्याच खुर्चीत बसले.
मी तेच म्हटलं, शब्दाला शब्द:
तुमची नाही, त्यांचीही नाही.
चेहरा कोऱ्या पाटीसारखा धरून ठेवला.
ओझं धरून हात भरून येतो ना, तसा चेहराही येतो.
‘मी लॅबमध्ये शिरलो,’ ते म्हणाले, ‘की हसणं थांबतं.
मला कुणी काही सांगत नाही.’
नाव माझ्या ओठांवर आलं होतं. दातांआड ढकललं.
दोन्ही डगरींवर पाय ठेवणाऱ्याला लोक नावं ठेवतात.
माझा तर पगारच त्याचा,
आणि ही मधली नदी काही गोठत नाही.

‘तुम्हाला काय व्हायला हवंय?’
‘कुणीतरी भांडावं माझ्याशी. समोर उभं राहून.’
‘काम कधी संपेल हे सोडून
तुम्ही त्यांना शेवटचं काय विचारलंत?’
त्यांनी छताकडे पाहिलं.
पाहतच राहिले.

शुक्रवारी चारला सगळी टिपणं मशीनमध्ये जातात.
लिगाया पिशवी उचलते आणि दर वेळी म्हणते,
‘तुमच्या कचऱ्याला वजनच नसतं.’
जूनच्या अहवालात छापलं जाईल:
लेखनश्रेय, एक. सहकाऱ्यांशी संबंध, एक.
वेगवेगळ्या पानांवर.

पुढचं कुणी येऊन सांगत नाही.
बाहेर दिसले तर मी ओळख दाखवत नाही,
आधी त्यांनी दाखवल्याशिवाय. नियम माझाच.

मार्चमध्ये कॅन्टीनच्या रांगेत टोबायस पुढे होता,
शेजारी एक रुंद पंजाचा म्हातारा,
कोटाला डिझेलचा वास.
मी सूपच्या पातेल्यात बघत राहिले.
तो वळला.
‘मामा, ह्या…’ आणि अडला.
मी कोण, ह्याला त्याच्याकडे शब्द नव्हता.
‘ह्या तळघरात बसतात.’
मामानं मला नीट पाहून घेतलं
आणि मिठाची बाटली
माझ्याकडे सरकवली.